दोन कॅन पाणी आणि एकटी टेकडी

एका आंघोळीपायी मी एक ज्वालामुखी चुकीच्या जागी नेऊन ठेवला. तरुणपणी माणसं बऱ्याच चुका करतात. कुणी पळून जाऊन लग्न करतं, कुणी भलत्याला जामीन राहतं, कुणी पंचायत समितीला उभं राहतं. माझी चूक त्या मानानं स्वच्छ होती; साबण लावून केलेली होती. पण तिच्यामुळं तांदळे सरांसारख्या माणसानं दगडाकडं बघणं सोडलं. मला ते ठाऊक होतं आणि मी गप्प होतो.

तांदळे सर बीडच्या आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळा सहायक. पदाचं नाव भारदस्त आहे. काम दगड फोडायचे, पुसायचे आणि त्यांच्यावर नंबर घालायचे. माझी आई पाहुण्यांना सांगायची, "बालाजी कॉलेजात हाय," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा ठेवायला उठायची.

सर उंच होते, पण वाकून चालत, जणू सकाळीच काहीतरी हरवलंय आणि ते अजून सापडायचंय. गळ्यात सुतळीला बांधलेलं भिंग. पँटचे खिसे दगडांनी फाटत, म्हणून काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, आतून जाड कॅनव्हासचे खिसे शिवून दिले होते. सर खुर्चीवर बसले की खडखडाट व्हायचा. आमचा शिपाई म्हणायचा, "बैलाला घुंगरं, सरांना दगडं. आल्यालं कळतंय तरी."

दगड दिसला की सर तो चाटायचे. ओल्या दगडाचा रंग नीट कळतो, हे त्यामागचं शास्त्र. पण हे शास्त्र येणाऱ्या-जाणाऱ्याला कोण सांगणार? एकदा पाटोद्याच्या बाजारात कांद्याच्या ढिगाशेजारी पोतं दाबायला ठेवलेला दगड त्यांनी उचलून चाटला. कांदेवाली बाई घाबरली. म्हणाली, "मालक, भूक लागली आसंल तर भाकर देते की." सरांनी भाकर घेतली, दगड जागेवर ठेवला आणि तिला सांगितलं, "चांगला हाय. जपून ठिवा." पुढच्या बाजाराला त्या बाईनं दगडाला कुंकू लावलं होतं.

त्यांचं दुसरं वेड स्वच्छतेचं. स्वतःच्या सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली असत, त्याचं काही नाही. पण दगडाला हात लावायच्या आधी प्रश्न ठरलेला, "हात धुतले का?" तो प्रश्न ते विद्यार्थ्यांना विचारत, मला विचारत, नमुने बघायला आलेल्या प्राचार्यांनाही विचारत. दगड दळायच्या खलाजवळ कुणी अंगठी किंवा कडं घालून आलेलं चालायचं नाही. नुकताच साखरपुडा झालेली एक मुलगी अंगठी काढायला तयार होईना, तेव्हा सर म्हणाले, "बाई, सोन्यात काय काय मिसळलंय ते तुला म्हाईत न्हाई, सोनाराला म्हाईत हाय. त्याच्या भानगडीत ह्या गरीब दगडाला कावून ओढायचं?"

सरांचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दरसाल दिवाळी झाली की ट्रकवर भांडीकुंडी, शेळी आणि त्यावर हे लेकरू. इतर पोरं ट्रकच्या टपावर झोपून जात. हा मात्र जागा राहून घाटातले कापलेले डोंगर बघायचा. एकावर एक काळे थर. "आईला इचारलं, ह्या डोंगराला कुणी लिंपलं गं? आई म्हनली, गप झोप. तवापासनं झोपलो न्हाई," असं सर वर्गात सांगायचे. शिकवताना ते पुस्तकी मराठी बोलू लागत, पण दुसऱ्या वाक्याला बीड परत यायचं.

गंमत म्हणजे ज्या काळ्या दगडानं त्यांची झोप उडवली त्याच्यावर त्यांनी संशोधन केलं नाही. त्यांचा सगळा जीव राजस्थानच्या वाळवंटात. तिथं जोधपूरच्या पुढं वाळूतून गुलाबी, तांबूस टेकड्या डोकं काढतात. ते पंच्याहत्तर कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचे दगड. कॉलेजात लोक चिडवायचे, "सर, बीडात दगड कमी पडले का?" सर म्हणायचे, "आपला दगड लेकरू हाय. साडेसहा कोटींचं. तिकडचा आज्जा हाय. घर कसं फुटलं ते आज्ज्यालाच इचारावं लागतंय."

घर कसं फुटलं, हाच त्यांचा जन्माचा प्रश्न. तो त्यांनी मला डब्यातल्या भाकरीवर समजावला होता. ठेचा ताटात, त्यावर भाकरी. भाकरी मधून फाडली की फटीतून ठेचा वर येतो. तसा जमिनीचा खंड फाटतो तेव्हा आतला तप्त रस वर येतो. आता एक भाकरी दुसरीखाली सरकवा. तेव्हाही रस वर येतो, पण खाली गेलेली भाकरी समुद्राची ओल घेऊन गेलेली असते, म्हणून त्या रसाची चव निराळी. "मग एवढ्या कोटी वर्सांनी चव कशी कळायची?" मी विचारलं. सर खूश झाले. दगडात अगदी नखभर सापडणारी मूलद्रव्यं असतात, झिर्कोनियम, नायोबियम, असली. तीच त्याची चव. दगड दळायचा, पीठ यंत्राला द्यायचं, यंत्र चव सांगतं. खंड फाटताना झालेल्या गुलाबी दगडात नायोबियम सढळ असतं. खाली सरकण्यातून झालेल्यात कमी. नखभराचा मामला, म्हणून तर हात धुवायचे. मी मान डोलावली आणि भाकरी खाल्ली.

वाळवंटात मी त्यांच्यासोबत एकदाच गेलो होतो. बीडचा माणूस वाळवंटात गेला की त्याला घरी आल्यासारखं वाटतं, एवढंच मी शिकलो. जीपचा ड्रायव्हर दिवसभर दगडांची पोती वाहून वैतागला. म्हणाला, "साब, आपके गाँव में पत्थर नहीं है क्या?" सर म्हणाले, "बहुत है भाई, लेकिन बच्चे हैं." ड्रायव्हरनं त्या दिवसानंतर प्रश्न विचारले नाहीत. जेवताना तिथले लोक वाळूनंच हात घासत, पाणी वाचवत. सरांनीही घासले आणि मला म्हणाले, "बघ बालाजी, पाणी नसलं तरी स्वच्छ ऱ्हाता येतंय. मनात पायजे." हे वाक्य पुढं मला फार महागात पडायचं होतं.

त्यांची आणखी एक रीत तिथं पाहिली. कुठल्याही खडकावर पहिला हातोडा घालण्याआधी सर त्याच्यावर हात ठेवत आणि पुटपुटत, "माफ कर रे बाबा." मग एक घाव, एक मूठ नमुना, आणि उघड्या पडलेल्या जागेला माती चोळायची. "कोटी वर्सं बसलेल्याला उठवतोय," ते म्हणाले, "एवढं तरी बोलावं."

सगळ्या टेकड्यांपासून लांब एक एकटी टेकडी होती. निम्मी वाळूत बुडालेली, माथ्यावर गावाच्या देवीचं ठाणं. गावकरी हातोडा लावू देईनात. सरांनी अर्धा दिवस त्यांच्याबरोबर बसून हुक्का सोडून बाकी सगळं केलं, तेव्हा कुठं एक मूठभर दगड न्यायची परवानगी मिळाली. इथं सरांचा पहिला धडा सांगायला हवा. दगड उचलण्याआधी बघायचं, हा जागचा आहे की आणलेला. जागचा म्हणजे जिथं जन्मला तिथंच रुतलेला. आणलेला म्हणजे ओढ्यानं, गाडीनं किंवा एखाद्या भक्तानं आणून टाकलेला. आणलेला दगड कितीही देखणा असो, त्याची साक्ष धरायची नाही. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे पाठ असायचं. त्या टेकडीवर सर गुडघ्यावर बसून किती वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "जागचाच हाय." आणि माफी मागून मूठभर काढला.

आम्ही परत आलो आणि बीडला त्या वर्षी पाऊस आलाच नाही. कॉलेजचे नळ कोरडे, माझ्या खोलीवर टँकर आला तर आला. नमुने दळायचे तर खल आणि चाळणी प्रत्येक दगडानंतर धुवायलाच हवी, तीही शुद्ध, वाफेच्या पाण्यानं. ते पाणी आणायचं कुठून?

ते आणलं सहकारी साखर कारखान्यातून. गाळपाला ऊस नव्हता, कारखाना निजलेला, पण त्यांच्या प्रयोगशाळेत पाणी शुद्ध करायची भट्टी होती. चेअरमन म्हणाले, "सर, पाणी देतो, पर आमाला बोअर कुठं घ्यायची ते दाखवा." सरांना हे काम आवडायचं नाही. तरी दोन दिवस उन्हात हिंडून त्यांनी एक जागा दाखवली. संचालक मंडळ मात्र सावध. त्यांनी सखाराम पाणाड्यालाही बोलावलं. तो तळहातावर नारळ ठेवून चालायचा; नारळ उभा राहिला की तिथं पाणी. त्याचा नारळ सरांच्या जागेपासून लांब, बाभळीखाली उभा राहिला.

सरांच्या जागी नुसता धुराळा निघाला. बाभळीखाली पाणी लागलं. फार नाही, पण लागलं. संचालक सरांकडं बघून मिशीत हसू लागले. कुणीतरी म्हणालं, "आता कॉलेजात नारळ शिकवा सर." मला वाटलं सर काहीतरी शास्त्रीय कारण काढतील. ते सरळ सखारामपुढं गेले, हात जोडले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "माझं चुकलं. तुझं बरोबर निघालं." सखाराम ओशाळला. "सर, खरं सांगू का? मला बी वाटलं न्हवतं." चेअरमन इतके हसले की त्यांनी एकाऐवजी दोन कॅन पाणी दिलं. सर सायकलला दोन्हीकडं कॅन बांधून, लग्नात मानाचा आहेर मिळाल्यासारखे, बीडला आले.

चूक कबूल करून मिळालेलं ते पाणी. त्याचं मी काय केलं, ते आता सांगतो.

सर भावकीतल्या मयतीला गावी गेले होते. जाताना बजावून गेले: माझे बाकी नमुने जुन्या शिल्लक पाण्यावर दळून झालेत, एकट्या टेकडीचा तेवढा राहिलाय. उद्या एक जण हैदराबादला निघालाय, त्याच्या हाती सगळी पिठं तिथल्या प्रयोगशाळेत पोचवायची. अंगठ्याएवढा तुकडा मागं ठेव, बाकी दळ. आणि, अर्थातच, "हात धू. खल धू. चाळण धू."

आणि त्याच सकाळी मामाचा निरोप आला. पाटोद्याची मुलगी बघायचा कार्यक्रम, जो पुढच्या आठवड्यात होता, तो आजच. पाहुणे वाट बघतायत, दुपारच्या एसटीनं ये. मी आरशात बघितलं. चार दिवस अंगाला पाणी नव्हतं. केसांत काळ्या दगडाचा भुगा, कारण आदल्या दिवशी विद्यार्थ्यांसाठी मी त्याच खलात आपला बीडचा दगड दळला होता. मुलीनं मला भूस्तर समजून नाकारलं असतं.

कोपऱ्यात दोन कॅन होते. मी ठरवलं, अर्धाच घ्यायचा. दार लावलं, बादलीत पाणी ओतलं, साबण लावला. इथं माझ्या अज्ञानानं दगा दिला. बीडच्या जड पाण्यात साबण घासून घासून फेस येत नाही. त्या शुद्ध पाण्यात एकदा हात फिरवला तर असा फेस झाला की मी स्वतः मला दिसेना. आणि जाईना! ओतावं तितकं अंग आणखी गुळगुळीत. अर्धा कॅन गेला, एक गेला, दुसरा उघडला. फेस गेला तेव्हा दोन्ही कॅन रिकामे होते आणि मी कारखान्याच्या साखरेसारखा शुभ्र उभा होतो.

खल धुवायला थेंब उरला नव्हता. खलाच्या तळाशी काळ्या दगडाचा थर घट्ट बसलेला, चाळणीच्या जाळीत कण अडकलेले. एसटीची वेळ होत आली होती. मला वाळवंटातलं सरांचं वाक्य आठवलं, पाणी नसलं तरी स्वच्छ राहता येतं. मी रुमालानं खल पुसला. मनात स्वच्छ होतो की नाही हे बघायला वेळ नव्हता. टेकडीचा गुलाबी दगड दळला. पीठ फिकट गुलाबी यायला हवं होतं. राखाडी आलं.

ते मी बघितलं. मी बघितलं नाही असं आजवर स्वतःला अनेकदा सांगितलंय, पण बघितलं. पुडी बांधली, नंबर घातला, पाटोद्याची एसटी पकडली.

हैदराबादहून निकाल आला तेव्हा सर प्रयोगशाळेत लहान मुलासारखे फिरत होते. सगळ्या टेकड्यांची चव खंड फाटतानाची. एकट्या टेकडीत मात्र नायोबियम कमी! आलेखावर तो ठिपका सगळ्यांपासून दूर, खंडाखाली खंड जातानाच्या बाजूला जाऊन बसला होता. कमी असणारच, आपला काळा दगड नायोबियमच्या बाबतीत गरीब, आणि मी त्याला सढळ हातानं मिसळला होता. सर मला म्हणाले, "बालाजी, ही टेकडी ह्यांच्यातली न्हाईच. ही आणखी जुनी. घर फुटायच्या आधीची. त्या वक्ताला तिथं समुद्र व्हता रे!" त्यांचे डोळे भरले होते. मी म्हणालो, "वा सर." एक समुद्र मी साबणाच्या फेसातून निर्माण केला होता आणि मी म्हणालो, वा सर.

मी तेव्हाच सांगितलं असतं तर सर चिडले असते आणि चार दिवसांत विसरले असते. पण माझं लग्न ठरत होतं आणि नोकरी कायम व्हायची होती. सरांनी निबंध लिहिला, छापला, दिल्लीच्या परिषदेत वाचला. परत आले तेव्हा नवीन शर्ट घातला होता आणि बटणं बरोबर लागली होती.

बऱ्याच वर्षांनी दुसरीकडची काही तरुण मंडळी त्या टेकडीवर गेली. त्यांनी गावकऱ्यांना कसं पटवलं कोण जाणे, पण चांगले भरपूर नमुने आणले. त्यांच्या आलेखात एकटी टेकडी इतर टेकड्यांच्या घोळक्यात गुमान बसली होती. निबंधात त्यांनी सरांना फार सभ्यपणे मोडीत काढलं. आधीच्या अभ्यासातला नमुना बहुधा मूळ जागचा नसावा, एवढंच लिहिलं.

सरांनी ते वाचलं आणि पुडीतलं पीठ नाही, स्वतःलाच तपासायला घेतलं. माझ्यावर त्यांना एकदाही संशय आला नाही. "देवीच्या ठाण्यावर एखाद्या भक्तानं कुठून तरी आणून टाकलेला दगड आसंल," ते म्हणाले, "आन म्या त्याला जागचा समजलो. पहिला धडा, बालाजी. पहिल्या धड्यात नापास." मी म्हणालो, "असं कसं सर." याहून भिकार वाक्य मराठीत नसेल.

त्यानंतर भिंग गळ्यातून खिशात गेलं, खिशातून कपाटात. सर निवृत्त झाले, नेकनूरकडं गावी राहायला गेले. एकदा आम्ही दोघं एकाच एसटीत होतो. नवीन रस्त्यासाठी डोंगर कापला होता, ताजे काळे थर दोन्ही बाजूंनी उभे. पूर्वी अशा ठिकाणी सर ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावत आणि अख्खी एसटी शिव्या देत असे. त्या दिवशी मी वाट बघितली. सर मांडीवरच्या पिशवीकडं बघत बसले. कापलेला डोंगर संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. "सर, बघा की," मी म्हणालो. ते म्हणाले, "माझ्या बघण्यावर काय इस्वास?" सांगायची याहून चांगली वेळ आली नसती. मी शेंगदाणे काढले आणि त्यांना दिले.

शेवटी सगळं बाहेर आलं ते बायकोपुढं. पाटोद्याची तीच मुलगी, मीरा. तिनं त्या दिवशी मला पसंत केलं आणि आजवर सांभाळलं. अलीकडं मला झोप लागेनाशी झाली, तेव्हा तिनं खोदून विचारलं. मी सगळं सांगितलं: दोन कॅन, फेस, रुमाल, टेकडी. शेवटी भावनेच्या भरात म्हणालो, "तुझ्यासाठी केलं गं."

ती उठून बसली. "त्या दिवशी तुमी आंघोळ करून आलते?"

"म्हणजे?"

"मला तर वाटलं न्हवतं. एसटीच्या धुळीनं भुवया सुदिक पांढऱ्या झाल्यात्या. आई म्हनली, पोरगं साधं दिसतंय, तोंड बी धुवून आलं न्हाई. आमाला तेच आवडलं." मग तिचा आवाज बदलला. "त्या म्हाताऱ्याला जाऊन सांगा. कावून जीव खाताय दोघांचा बी?"

दुसऱ्या दिवशी मी गेलो. पुन्हा कोरडं वर्ष. सरांच्या गल्लीत टँकर उभा, बायांची रांग, घागरी, प्लास्टिकचे हंडे, भांडण. सर दारातल्या ओट्यावर बसले होते. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. सर वाळले होते आणि कानानं अधू झाले होते, हे मला माहीत नव्हतं.

मी शेजारी बसलो. वाटभर पाठ केलेलं वाक्य हळू आवाजात म्हणालो, "सर, त्या एकट्या टेकडीच्या नमुन्याबद्दल बोलायचं होतं."

"आं?"

"टेकडीच्या नमुन्याबद्दल!"

"मोठ्यानं बोल. टँकरची मोटर चालूय."

मी आयुष्यभर दबक्या आवाजात बोलायचं ठरवलेली गोष्ट शेवटी गल्लीभर ओरडून सांगितली. "सर, मी आंघोळ केली!"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. एक म्हातारी म्हणाली, "बया! पानी न्हाई प्यायला, आन ह्यो आंघोळ केल्यालं सांगाय आलाय."

सर मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडं रोखून बघत होते. "कंच्या पाण्यानं?"

"कारखान्याच्या. दोन्ही कॅन."

"मग खल?"

"रुमालानं पुसला. त्याच्या आधी त्यात आपला काळा दगड दळला होता. पीठ राखाडी आलतं, सर. मी बघितलं होतं."

सरांचे ओठ हलले. ते मनातल्या मनात हिशेब मांडत होते: किती गुलाबी, किती काळा, नायोबियम किती पातळ झालं असेल. तो ठिपका आलेखावर परत सरकताना मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होता. मग त्यांनी मांडीवर हात आपटला.

"म्हंजे जागचाच व्हता!"

"होय सर."

"जागचाच व्हता, गाढवा! म्या बरोबर बघितलंतं!" ते उठून उभे राहिले. आनंद होता, आणि तो सरल्यावर त्यामागून राग आला. असा राग मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. "आन तू शेंगदाणे देत बसलास? ह्यो डोंगर कापला, त्यो डोंगर कापला, म्या मान खाली घालून बसलो, आन तू शेंगदाणे देत बसलास?" त्यांना ते शेंगदाणे आठवत होते. मी खाली बघितलं. सर घरात निघून गेले.

मी तसाच ओट्यावर. रांगेतल्या बाया आता घागरी विसरून माझ्याकडं बघत होत्या. मी उठावं की बसावं हे कळेना, म्हणून अर्धवट वाकून राहिलो.

सर बाहेर आले. हातात एकट्या टेकडीचा, मी मागं ठेवलेला तो अंगठ्याएवढा तुकडा होता. निबंध छापून आला तेव्हा काकूंनी तो देव्हाऱ्यात ठेवला होता. देवाबरोबर त्यालाही रोज हळदकुंकू व्हायचं. आता यंत्राला देण्याजोगा तो राहिला नव्हता. सरांनी अंगठ्यानं कुंकू पुसलं, तुकडा चाटला आणि उन्हात धरला. कपाटातलं भिंग पुन्हा त्यांच्या गळ्यात होतं. बराच वेळ त्यातून बघत राहिले.

"सर, मला माफ करा," मी म्हणालो.

"मला कावून सांगतोस? मी काय, आज हाय उद्या न्हाई." त्यांनी दगड पुढं केला, मग पटकन मागं घेतला. "हात धुतले का?"

नव्हते. एसटीतून आलो होतो. मी दोन्ही हात पसरून उभा राहिलो. मघाचीच म्हातारी रांग सोडून पुढं आली, तिनं घागर कलती करून माझ्या हातांवर जपून धार धरली आणि म्हणाली, "घ्या, धुवा. पर आंघोळ नगा करू."

मी ओल्या हातात तो दगड घेतला. सर वाट बघत होते. डोंगरावर हातोडा घालण्याआधी ते जसे हात ठेवत, तसा मी दुसरा हात त्याच्यावर ठेवला आणि पुटपुटलो.

सरांनी कानामागं हात धरला. "मोठ्यानं."

"माफ कर रे बाबा," मी ओरडून त्या दगडाला म्हणालो. "तू जागचाच होतास. खल मी धुतला नव्हता."